ओल मुरण्याआधी

जपानला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांच्या फोनमध्ये कियोमिझु-देराचा फोटो बहुधा सापडतोच. क्योतोच्या पूर्वेकडे, ओतोवा डोंगराच्या अंगावर हे देऊळ आहे. फोटो काढला जातो तो शेजारच्या ओकुनोइन या धाकट्या देवळासमोरून. उतारावरून दरीत झेपावलेला लाकडी मंच, त्यावर माणसांची दाटी, खाली मेपलची झाडं आणि मागे सालीचं भलंमोठं छप्पर. फोटो देखणा येतोच, पण ज्या गोष्टीला दाद द्यायची ती त्यात दिसत नाही. देवळावर छप्पर आहे. समोरचा मंच मात्र आभाळाखाली उघडा आहे. 1633 पासून ऊन, पाऊस, बर्फ हे सगळं तो अंगावर घेतो आहे. उंची साधारण 13 मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढी. एदो काळातल्या नोंदींत इथून खाली उडी टाकल्याच्या 234 घटना आहेत, त्यांतले बहुतेक लोक वाचले आणि 1872 मध्ये या प्रकाराला बंदी आली. गाइड हे रंगवून सांगतात. पण इतकी वर्षं भिजत राहूनही मंच स्वतः खाली आला नाही, याची गोष्ट मला त्या उड्यांपेक्षा अधिक थरारक वाटते.

आधी हवा कशी आहे ते पाहू. क्योतो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसलं आहे. वर्षाचा पाऊस सुमारे 1500 मिलिमीटर. जूनच्या पहिल्या पंधरवड्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत त्सुयु नावाचा पावसाळा चालतो. आपल्या आषाढसरींसारखा तो कोसळत नाही. चिकट, रेंगाळता, दिवसचे दिवस आभाळ न उघडणारा. त्यामागून ऑगस्टचा घामट उकाडा आणि सप्टेंबरातली वादळं. कपाटातल्या चपलांवर बुरशी चढणं म्हणजे काय ते ठाऊक असलेल्या कोकणी माणसाला इथे परकं वाटायचं नाही. अशा हवेत लाकडाचं एक साधं गणित असतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी सहसा डोकं वर काढत नाही. तो दीर्घकाळ तीसच्या आसपास राहिला की तिचं राज्य सुरू होतं. म्हणजे नुसतं भिजल्याने लाकूड कुजत नाही. भिजल्यावर सुकायला सवड मिळाली नाही की कुजतं. या मंचाचा प्रत्येक तपशील हे एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणतो: पाण्याला अडवायचं नाही, पण बसूही द्यायचं नाही. या देवळाला आगीने अनेकदा गिळलं. आजची वास्तू 1629 च्या आगीनंतर शोगुन तोकुगावा इएमित्सुच्या आश्रयाने उभी राहिली. पाण्याला मात्र इतक्या वर्षांत तिने दाद दिलेली नाही.

मंचावर उभं राहिलं की पहिली खूण डोळ्यांना नव्हे, तळपायांना पटते. ही भूमी पाणसळीत नाही. गाभाऱ्याकडून दरीकडे तिला हलकासा ढाळ आहे. आपल्याकडे गवंडी न्हाणीघराच्या फरशीला देतो तसाच, पण इतका मोजका की मुद्दाम शोधल्याशिवाय जाणवू नये. इथे करणाऱ्याची पंचाईत लक्षात घ्या. हा मंच मुळात आतल्या कान्नोनसमोर, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वासमोर, नृत्य-संगीताची सेवा रुजू करण्यासाठी बांधलेला. नर्तकाला सपाट भूमी हवी, पाण्याला उतरती. ढाळ थोडा जास्त झाला तर पदन्यास बिघडेल, थोडा कमी पडला तर पावसाचं पाणी फळ्यांवर तळी धरेल. सुताराने दोघांच्या मधली जी जागा शोधली तिथे नर्तकाची तक्रार नाही आणि पाण्याचीही नाही. कलेची आणि देखभालीची गरज एकाच रेषेत अशी बसलेली फार थोड्या वास्तूंत पाहायला मिळते.

आता फळ्या. त्या चारशेहून अधिक आहेत आणि सगळ्या हिनोकीच्या. हिनोकी हा जपानी सायप्रस. सरळ रेषांचा, फिकट मधाच्या रंगाचा, रंध्याखाली लोण्यासारखा निघणारा. त्याच्या गाभ्यात अशी सुगंधी तेलकट द्रव्यं असतात की जी माणसाला सुखावतात आणि बुरशीला, वाळवीला नकोशी होतात. नव्याने अंथरलेल्या हिनोकीवर पावसाचा शिडकावा झाला की जो गंध सुटतो तो त्या लाकडाच्या संरक्षणव्यवस्थेचाच गंध असतो. हिनोकी नरमही आहे. चारशे वर्षं टिकवायचं तर याहून कठीण लाकूड का घेतलं नाही, असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर खालच्या खांबांत आहे आणि तिथे आपण जाणारच आहोत. तूर्त एवढंच ध्यानात ठेवू, की पायांखालचं लाकूड झिजण्यासाठीच निवडलेलं आहे. निवडीतला हा धूर्तपणा मला फार आवडतो.

या फळ्यांना रंग नाही, रोगण नाही, वार्निश नाही. याच आवारात प्रवेशाचा निओमोन दरवाजा आणि तीन मजली पागोडा शेंदरी रंगाने झळकतात, म्हणून मुख्य देवळाचं नि मंचाचं उघडं लाकूड अधिक उठून दिसतं. एकाच कुंपणात देखभालीचे दोन विचार शेजारी उभे आहेत. दरवाजाच्या खांबांवर कुणी चालत नाही. त्यांवरचा रंग तडकला तर दिसतो, पुन्हा देता येतो. पायांखालच्या आडव्या लाकडाचं तसं नसतं. तिथे वार्निशचा पापुद्रा चढवला की पहिल्याच ऋतूत लाकूड फुगतं-आकसतं, पापुद्र्याला केसासारख्या चिरा जातात, त्यांतून पाणी आत शिरतं आणि वरच्या शाबूत पापुद्र्याखाली अडकून पडतं. ज्याने रक्षण करायचं तोच कोंडून मारतो. मुंबईत, गोव्यात, अलिबागच्या बंगल्यांत हौसेने केलेल्या लाकडी डेकवर पावसाळ्यानंतर सोललेल्या कांद्यासारखी साल निघते ती याच कारणाने. तिथल्या जाणत्या सुतारांनी म्हणूनच लाकडात मुरणाऱ्या तेलाची बाजू धरली. ते पापुद्रा धरत नाही, विरतं, आणि विरलं की पुन्हा हात फिरवता येतो. कियोमिझुने त्याच्याही पलीकडे जाऊन फळी श्वास घ्यायला पूर्ण मोकळी ठेवली. काही न लावणं हाही एक लेप असू शकतो, आणि तो लावायला सर्वांत जास्त आत्मविश्वास लागतो.

उघड्या लाकडाला रुपेरी-करडी छटा येते. अनेकांना ती म्हातारपणाची, कुजण्याची खूण वाटते. तसं नसतं. उन्हातली अतिनील किरणं लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणाऱ्या लिग्निनला तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे तंतूंचं चंदेरी पांघरूण उरतं. हा सगळा व्यवहार वरच्यावरचा. मोकळ्या हवेत उभ्या असलेल्या नरम लाकडाची अशी झीज शंभर वर्षांत जेमतेम 6 मिलिमीटर होते, असं लाकूडशास्त्र सांगतं. कुजणं मात्र काही पावसाळ्यांत फळीच्या पोटात पोकळी करू शकतं. करडा रंग हा हवेने केलेला संस्कार, काळा मऊ डाग हा पाण्याने केलेला गुन्हा. जाणकार डोळा या दोहोंत गल्लत करत नाही. मंचावर गर्दीतून वाट काढत कठड्याशी जाल तेव्हा एक क्षण खाली वाकून पाहा. जुन्या झालेल्या फळीवर वार्षिक वलयांच्या रेषा उठून आलेल्या असतात. वसंतात झपाट्याने वाढलेलं मऊ लाकूड पावलांनी खरवडलं गेलेलं आणि उन्हाळ्याच्या अखेरीस सावकाश घडलेली घट्ट रेघ तशीच उंच राहिलेली. असंख्य पावलांनी झाडाच्या चरित्रातली वर्षं एकेक करून उघडी केलेली असतात. कुठल्याही पॉलिशला हे नक्षीकाम साधणार नाही.

फळीफळीमधली बारीक फटही अशीच डोळ्यांआड राहते. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलतं. आणि रुंदीतही वलयांच्या दिशेने जेवढं हलतं त्याच्या साधारण अर्ध्याने गाभ्यापासून सालीकडे. त्यामुळे प्रत्येक फळी आपापल्या स्वभावाने वाकते. सालीकडची बाजू वर ठेवली तर सुकताना फळीची पन्हळ होऊन तीत पाणी साचू पाहतं. गाभ्याकडची वर ठेवली तर वलयांचे पापुद्रे उचकटून तळव्यांत कुसळं शिरू लागतात. दोन्हीकडे तोटा आहे आणि सुताराला फळीफळी पाहून निवाडा करावा लागतो. फट त्या निवाड्याला सवलत देते. त्सुयुत लाकूड फुगलं तर ती जागा देते, हिवाळ्यात आकसलं तर रुंदावते, आणि बाराही महिने पाण्याला खाली जाऊ देते. तिचा शत्रू म्हणजे कचरा. नोव्हेंबरात मेपलची पानं झडतात, फटीत बसतात, भिजून लगदा होतो आणि तो लगदा ओल्या पोटिसासारखा फळीच्या कडेला चिकटून राहतो. म्हणून झाडू हे इथलं पहिलं अवजार. देवळात झाडलोट भक्तीचा भाग मानली जाते हे खरंच. पण लाकूडशास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तरी तो झाडू एखाद्या महागड्या रसायनाहून मोलाचा आहे. कर्तव्य आणि कारागिरी अशी एकमेकांत मिसळली की दोन्हींना शोभा येते.

यानंतर बहुतेक जण निघून जातात. रसिकाने मात्र पायऱ्या उतरून ओतोवा धबधब्याकडे जाणारी वाट धरावी आणि मान वर करून मंचाची खालची बाजू पाहावी. नाटक संपल्यावर विंगेत शिरावं तशी ही जागा. इथे आल्यावर समजतं, की वर ज्याला आपण जमीन म्हणत होतो ती हवेत टांगलेली आहे. मंचाचा भार पेलणारे 18 मोठे खांब उतारावर वेगवेगळ्या पातळीवर रोवल्यासारखे उभे आहेत. खांबांना आरपार छेदून आडव्या तुळया गेल्या आहेत, आणि या उभ्या-आडव्यांची जाळी डोंगराला टेकून दरीवर झुकली आहे. जपानीत या पद्धतीला काकेझुकुरी म्हणतात. भूकंपात ही जाळी धक्का वाटून घेते, हे सगळे सांगतात. ओलीच्या दृष्टीने तिचा गुण निराळा आहे आणि तो कुणी सांगत नाही. मंचाच्या पोटाखाली कोंडलेली अशी एकही जागा नाही. दरीतून चढणारा वारा जाळीतून आरपार जातो आणि फळ्यांना खालून सुकवतो. ओल्या मुलखात लाकडी डेक मरतो तो बहुधा वरून नव्हे, खालून. जमिनीपासून वीतभर उंचीवर, मागे-पुढे बंद करून ठेवलेला, जिथे ना वारा ना ऊन. इथे फळीच्या दोन्ही तोंडांना सारखीच हवा. शिवाय मंच दक्षिणेकडे तोंड करून आहे, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊनही त्याच्या वाट्याला येतं. दरीने उंचीची भीती दिली तशी हवाही दिली, आणि बांधणाऱ्याने दोन्हींचं सोनं केलं.

आता जाळीचा एकच सांधा निवडून पाहा. खांबाला चौकोनी आरपार छिद्र, त्यातून गेलेली तुळई आणि दोहोंमधल्या सांदीत ठोकलेली लाकडी पाचर. खांबाला असं आरपार छेदणाऱ्या तुळयांची रीत बाराव्या शतकाच्या अखेरीस चीनकडून आली आणि नाराच्या तोदाइ-जी देवळाच्या महाद्वारात तिने आपलं सामर्थ्य दाखवलं. सांगाड्याचे हे सांधे खिळ्यांवर विसंबून नाहीत. त्याचं कौतुक गाइड चमत्कार म्हणून करतो. सुतार ते शहाणपण म्हणून करील. ओल्या लाकडात लोखंड गंजतं, गंजून फुगतं, भोक सैल होतं आणि त्या भोकातून पाणी थेट पोटात उतरतं. लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचं लागलं की भोवती काळा डागही पसरतो. पाचर यांपैकी काही करत नाही. ती सांध्याबरोबरच फुगते, त्याच्याबरोबरच आकसते. सुकून सैल झाली तर घणाचा एक ठोका पुरतो; खराब झाली तर काढून दुसरी बसवता येते. साऱ्या सांध्याचं मर्म वास्तूतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत सहज बदलता येणाऱ्या तुकड्यात ठेवलं आहे. एवढ्या प्रचंड रचनेने आपली गुरुकिल्ली एका पाचरीच्या हाती द्यावी, यात मोठाच डौल आहे.

आणि आता तो तपशील, ज्यासाठी खाली उतरण्याचे श्रम घ्यावेत. तुळयांची जी टोकं खांबांच्या बाहेर डोकावतात त्यांच्या माथ्यावर पाहा. प्रत्येक टोकावर एकेक चिमुकलं उतरतं छप्पर आहे. लाकडी फळीचंच. घराला वळचण असावी तशी तुळईच्या टोकाला वळचण. दुरून ती सजावट वाटते, ओळीने लागल्यामुळे नक्षीसारखी दिसते. तिचं काम मात्र नेमकं आहे. झाड उभं असताना ज्या नळ्यांतून मुळांचं पाणी वर चढत होतं त्या नळ्यांची तोंडं कापलेल्या टोकाला उघडी पडतात. म्हणून लाकूड आपल्या पाठीपोटाने जितकं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट वेगाने कापलेल्या तोंडाने पितं. कुजणं जवळजवळ नेहमी टोकापासून सुरू होतं. या वास्तूच्या कारागिरांनी ते ओळखून प्रत्येक तोंडावर टोपी घातली. ऊन-पाऊस टोपी खाते, तुळई कोरडी राहते. टोपी गेली तर नवी बसते. तुळई गेली असती तर खांब मोकळा करावा लागला असता. आपल्याकडच्या नव्या डेककडे पाहा. फळीची पाठ तेलाने चमकत असते आणि करवतीने कापलेली टोकं तशीच कोरी, तहानलेली. मंचावरच्या कठड्याशी फोटो काढणाऱ्या शेकडो लोकांच्या पायांखाली या टोप्या आपलं काम करत असतात. संपूर्ण वास्तूत मला यांच्याइतकं चतुर दुसरं काही दिसलं नाही.

खांब केयाकीचे आहेत. केयाकी हा जपानी झेल्कोवा. कठीण आणि जड. झाडं तोडली तेव्हा ती सुमारे चारशे वर्षांची होती असं देऊळ सांगतं. मघाच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं: वर नरम हिनोकी, खाली कणखर केयाकी. जे सहज काढता येतं ते झिजू द्यायचं. जे काढता येणार नाही ते झिजू द्यायचं नाही. खांब मातीत पुरलेले नाहीत, ते दगडांवर उभे आहेत. वाड्यांचे तळखडे पाहिलेल्या मराठी माणसाला ही भाषा कळते. जमिनीतली ओल आणि वाळवी यांच्या नि लाकडाच्या मध्ये दगड घालायचा, म्हणजे खालून चढणाऱ्या पाण्याची वाट तुटते. तरीही शतकांच्या पावसात खांबाचा तळ हळवा होतोच. तेव्हा पूर्ण खांब बदलण्याऐवजी जपानी सुतार नेत्सुगी करतात: कुजलेला तळ कापून काढायचा आणि निरोगी लाकडाचा नवा पाय जुन्या धडाला जोडायचा. जोड सरळ कापाचा नसतो. दोन्ही तुकडे असे कोरतात की ते एकमेकांत अडकून वरचं सारं वजन पेलतील, आणि पाणी धरून ठेवणारी फट कुठे उरू नये याकडे लक्ष ठेवावं लागतं. ही विद्या किती खोल जाऊ शकते याचा नमुना ओसाका किल्ल्याच्या ओतेमोन दरवाजात आहे. तिथल्या एका खांबाचा जोड चारही बाजूंनी असा दिसतो की तो बसवणं अशक्यच वाटावं. 1983 मध्ये क्ष-किरणांनी आतली रचना दिसली तेव्हा कळलं, की दोन्ही तुकडे तिरपे सरकवून एकमेकांत बसवलेले आहेत. दुरुस्तीचं कामही असं कोडं घालू शकतं, ही कल्पनाच मोहक आहे.

दुरुस्तीची आणखी एक रीत आवर्जून सांगण्यासारखी. जपानमध्ये जपणूक होत असलेल्या वास्तूंत नवा तुकडा बसवला की त्यावर सहसा न दिसणाऱ्या बाजूला दुरुस्तीचं साल डागून ठेवतात. जोडलेला भाग जुन्यासारखा दिसावा, पण जुना म्हणून खपू नये. पुढे कधीतरी सांधा उघडणाऱ्या सुताराला समजावं की कुठलं लाकूड मूळचं, कुठलं मागाहून आलेलं, आणि ते किती टिकलं. दुरुस्ती करणारा आपली सही करत नाही, तारीख लिहितो. कारागिराच्या नम्रतेची याहून नेटकी व्याख्या मला सुचत नाही.

वरचं छप्पर मंचावर नाही, तरी त्याला वगळून चालणार नाही. मुख्य देवळाचा गाभा कोरडा राहिला तरच मंचाला अर्थ. ते हिनोकीच्या सालीचं आहे. साल काढण्यासाठी झाड पाडत नाहीत. सत्तर वर्षांहून जुन्या, उभ्या, जिवंत झाडाची बाहेरची साल लाकडी पात्याने अलगद उचकटून काढतात, आतल्या जिवंत थराला धक्का न लावता. आठ-दहा वर्षांत झाड नवी साल धरतं आणि ती पहिलीहून सरस असते. मग तिच्या पट्ट्या एकावर एक, अगदी थोड्या थोड्या अंतराने सरकवत, बांबूच्या खिळ्यांनी बसवतात. कारागीर खिळे तोंडात धरतात आणि जिभेने एकेक पुढे आणतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. 2017 ते 2020 या काळात कियोमिझुचं हे छप्पर जवळपास अर्ध्या शतकाने नव्याने शाकारलं गेलं. 2020 मध्येच मंचाच्या फळ्याही बदलल्या गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात युनेस्कोने जपानच्या लाकडी वास्तूंच्या जतनाची 17 परंपरागत कौशल्यं अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. साल शाकारणंही त्यांत आहे. देवळाला 1994 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला होता. त्या देवळाला उभं ठेवणाऱ्या हातांना तो मिळायला आणखी सव्वीस वर्षं लागली. क्रम उलटा होता, पण दाद योग्य ठिकाणी पोचली.

आता हे सारे काळ एकत्र मांडून पाहा. पाचर आणि टोपी गरज पडेल तेव्हा. फळी वीस-तीस वर्षांनी. सालीचं छप्पर पन्नासेक वर्षांनी. खांबाचा तळ शतकांतून एखाद्या वेळी. आणि खुद्द खांब? देवळाचा हिशेब असा, की केयाकीचं लाकूड आठशे वर्षं तरी साथ देतं. एकाच वास्तूत इतक्या लयी एकाच वेळी चालल्या आहेत, विलंबितापासून द्रुतापर्यंत, आणि कुणी कुणाची लय मोडत नाही. फळी बदलताना खांबाला हात लागत नाही. तुळईवरची टोपी बदलताना फळी उचलावी लागत नाही. प्रत्येक घटक आपल्याहून जास्त जगणाऱ्या घटकावर झीज येऊ नये म्हणून स्वतः झिजतो. मंचाला जतन केलं म्हणजे त्याला बदलू दिलं नाही असं नव्हे. काय केव्हा बदलायचं हे ठरवूनच तो बांधला. देखभाल नंतर आलेली नाही; ती आराखड्यातच होती. रसग्रहणात आपण रचनेचं कौतुक एका बाजूला आणि टिकाऊपणाचं दुसऱ्या बाजूला करतो. इथे ती दोन कौतुकं वेगळी काढताच येत नाहीत.

खांबांचा हिशेब मात्र मनात घोळत राहतो. 1633 मध्ये उभे राहिलेले खांब आठशे वर्षं टिकायचे तर त्यांची मुदत अजून चारशे वर्षांनी भरेल. त्या वेळी लागेल तेवढा जाड, तेवढा सरळ केयाकी मिळणार कुठून? बाजारात तो आजच दुर्मिळ आहे. म्हणून या शतकाच्या आरंभाच्या सुमारास देवळाने क्योतो परिसरातल्या डोंगरांवर केयाकीची आणि हिनोकीची लागवड सुरू केली. नुसतं झाड लावून भागत नाही. केयाकीला मोकळं सोडलं तर तो छत्रीसारखा फांद्या पसरतो आणि खांबाजोगं खोड देत नाही. त्याला शेजाऱ्यांच्या दाटीत उंच चढायला लावावं लागतं, खालच्या फांद्या वेळेवर छाटाव्या लागतात, म्हणजे गाठी पडत नाहीत. दाटी वाढली की काही झाडं काढून उरलेल्यांना ऊन द्यावं लागतं. हे काम करणारा कुणीही तो खांब उभा राहिलेला पाहणार नाही. त्याचे नातू-पणतूही नाहीत. लाकडी डेकची देखभाल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ब्रश आणि तेलाचा डबा येतो. कियोमिझुच्या हिशेबात तिची सुरुवात रोपवाटिकेत होते, आणि आज एखाद्या कोवळ्या केयाकीची खालची फांदी योग्य जागी छाटणं हेही या मंचाच्याच सुतारकामात मोडतं. मंच पाहायला गेलेल्याने वरून दरी पाहावी, खालून जाळी पाहावी, टोप्या तर पाहाव्यातच. आणि या कलाकृतीचा एक मोठा भाग अजून वाढीला लागला आहे, तो दुसऱ्याच डोंगरावर आहे, हे ठाऊक असू द्यावं.